वाफेचा घुमट

आमच्या वन्संना मळलेलं कापड बघवत नसे. कुणाकडे जेवायला गेलो तरी त्यांची नजर ताटाआधी टेबलावरच्या कापडावर जाई, आणि निघताना त्या यजमानीणबाईंना सांगत, "हे काढून द्या, परवा आणून देते." लोकांना आधी राग यायचा, मग सवय व्हायची. पुढे पुढे काही घरांतून आम्हाला जेवायचं बोलावणं पडदे मळले की येऊ लागलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहत. सरकारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या ऐन तरुणपणी लागल्या आणि चढत चढत तिथल्या मुख्य झाल्या. हॉस्पिटलच्या उंच इमारतीमागे ही लांबट, बुटकी लाँड्री होती. आत बॉयलर, मोठाली फिरती पिंपं, आणि छपरातून वाफ बाहेर सोडणारी धुराडी. मी जेवणाच्या सुट्टीत कधी डबा द्यायला जाई, तेव्हा आत शिरल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नसे. मग वाफेतून दोन हात दिसत, त्यांच्यामध्ये ताणलेली चादर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन हात. दोघी बायका एकमेकींकडे चालत येत, घडी पडे, पुन्हा लांब जात. इतकी वर्षं झाली, पण मला अजून वाटतं की एकमेकींशी न बोलता इतकं चांगलं जमवून घेणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. न बोलता म्हणजे चादर हातात असेपर्यंत. ती खाली ठेवली की तोंडं सुरू.

मी नकाशांच्या कचेरीत होते. माझ्या नोकरीची सुरुवात कात्री आणि डिंकाने झाली. विमानातून काढलेले फोटो कापायचे, कडा जुळवायच्या, चिकटवायचे. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिलं की घरं कागदातून वर उठून उभी राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका घराच्या गच्चीला बोट लावायला गेले आणि डिंकाची बाटली सांडली. तेव्हाचे साहेब म्हणाले, "सगळ्यांची एकदा सांडते." तेवढ्यावर माझी भरती पक्की झाली.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा कचेरीत नवा कॅमेरा आला. आपल्या डोळ्यांना दिसतात ते रंग आणि त्यांच्या पलीकडचेही शेकडो रंग तो विमानातून वेगवेगळे टिपायचा. कौल, पत्रा, सिमेंट, डांबर, झाडाचं पान, जी ती वस्तू ऊन आपापल्या तऱ्हेने परत पाठवते. त्यावरून कुठे काय आहे आणि ते किती झिजलंय हे ओळखायचं, हे माझ्या खोलीचं काम. शेजारच्या खोलीत एक तरुण होता. तो विमानातून लेसर मारून उंची मोजायचा आणि संगणकावर सगळं शहर उभं करायचा, घर न् घर, जिना न् जिना. त्याला सगळे बिल्डर म्हणत. त्याची घरं उभी पण कोरी, आणि आमचे रंग खरे पण चपटे. दोन्ही एकत्र करून शहराचं एक मॉडेल बनवायचं ठरलं. नवे साहेब म्हणाले, "लावून टाका लग्न." आमच्या कचेरीत विनोद फारसे होत नसत, त्यामुळे हा बराच काळ टिकला.

आता हे मॉडेल हवं कशाला, तर छपरांसाठी. आदल्या वर्षी वादळात एका बाजाराचं छप्पर उडालं आणि शेजारच्या गल्लीत जाऊन अलगद बसलं. कुणाला लागलं नाही, पण गल्लीतल्या लोकांनी ते परत द्यायला नकार दिला आणि प्रकरण वाढलं. नगरपालिकेने ठरवलं की शहरातल्या सगळ्या छपरांना विमानातून पाहून दर्जा द्यायचा: नवं, मध्यम, जीर्ण. जीर्ण निघेल ती इमारत नवं छप्पर होईपर्यंत बंद.

मी हे घरी जेवताना सांगितलं. वन्संनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तुझं विमान माझी लाँड्री बंद करणार."

"वन्सं, विमान माझं नाही."

"मग कुणाचं? रंग तूच देणार ना?"

"जे दिसतं ते आम्ही लावतो. आमच्या मनाचं काही नाही."

"आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजरला तेवढंच पाहिजे आहे. चादरी बाहेरच्या कारखान्यात धुवायला द्यायच्या आणि माझ्या लाँड्रीच्या जागी डॉक्टरांच्या गाड्या लावायच्या. एकदा बंद झाली की झाली. छप्पर बिप्पर कोण घालतंय तिथे?" मग थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला आता घरी बसवलं तर मी घरात दिवसभर करू काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. आम्हालाही तीच काळजी होती.

लाँड्रीचं छप्पर जुनं आहे हे कुणालाच नाकारता येत नव्हतं. किती जुनं, एवढाच प्रश्न होता. वन्सं म्हणत, "मध्यम आहे. माझ्यासारखं."

विमान उडायचं त्या दिवशी मोकळ्या मैदानावर एक मोठं करडं कापड अंथरत. आम्ही त्याला मापाचं कापड म्हणायचो. दिवसागणिक ऊन वेगळं, धूळ वेगळी, म्हणून ज्याचा रंग नेमका ठाऊक आहे असं काहीतरी जमिनीवर लागतं. ते कापड फोटोत किती उजळ दिसतं ते पाहायचं, आणि त्या हिशेबाने बाकीचं शहर ताडायचं. ते बरेच दिवस वापरात होतं, त्यावर बुटांचे ठसे होते, तेलाचा एक डाग होता. पण आम्ही त्याचा रंग मोजला होता तो त्या मळासकट. मैदान आमच्या घराजवळ, म्हणून ते कापड पिशवीत घालून आमच्या जिन्याखाली ठेवलेलं असे. उड्डाणाच्या सकाळी कचेरीतले दोघं येऊन घेऊन जात. मी त्या वेळी कचेरीत संगणकासमोर.

विमान उडालं. आभाळ स्वच्छ होतं. सगळं व्यवस्थित झालं असा निरोप आला.

हिशेब लागायला काही आठवडे गेले. मग एके सकाळी बिल्डरने मला आणि साहेबांना बोलावलं. पडद्यावर आमचं शहर उभं होतं. नव्या छपरांना हिरवा, मध्यमला पिवळा, जीर्णला तांबडा असे रंग ठरले होते. त्याने माऊस फिरवला, शहर गोल फिरलं. इकडून तांबडं, तिकडून तांबडं.

"बाई," बिल्डर म्हणाला, "आपलं शहर बसल्या बसल्या म्हातारं झालं."

"हे स्टेडियम?" साहेबांनी बोट लावलं. "ह्याच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. माझ्या कोटाला ह्याचा रंग लागला होता."

"जीर्ण," बिल्डर म्हणाला.

"कोट दाखवू का?"

मी म्हटलं, "साहेब, कोट नको. काहीतरी चुकलंय."

"थांबा, सगळंच तसं नाही," बिल्डर म्हणाला आणि हॉस्पिटलच्या मागे गेला. तिथे सगळ्या शहरात एकच इमारत हिरवीगार होती. नवीकोरी. आणि तिच्यावर पांढरा, चांगला गुबगुबीत घुमट होता.

साहेब वाकून बघू लागले. "हा कधी बांधला?"

"लेसरला लागला, साहेब. आहे तसा उभा केलाय."

"परवानगी घेतली होती का त्यांनी?"

ती आमची लाँड्री होती. मी त्या घुमटाकडे बघत राहिले आणि मला हसावं की काय करावं कळेना. धुराड्यांतून निघालेली वाफ त्या दिवशी वारा नसल्यामुळे छपरावरच साचून बसली होती. बिल्डरच्या लेसरने तिला बांधकाम मानलं. माझ्या कॅमेऱ्याला वाफ ओळखायला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याने जवळात जवळचं म्हणून 'पांढरं, नवं छप्पर' असं ठरवून टाकलं. दोन्ही खोल्यांच्या चुका एकमेकींवर इतक्या चपखल बसल्या होत्या की जोड लागली ते कळतसुद्धा नव्हतं. सगळ्या मॉडेलमध्ये लग्न जमलं होतं ते तेवढंच.

पण बाकी शहर म्हातारं का? मी कापड अंथरणाऱ्या दोघांना बोलावलं. "कापडात काही वेगळं वाटलं का?"

"नाही बाई. छान होतं. इस्त्रीचं."

"इस्त्रीचं?"

"आम्हाला वाटलं कचेरीने नवीन दिलं. वासही मस्त येत होता."

मी घरी आले. वन्सं खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याचं बटण लावत होत्या.

"वन्सं, जिन्याखालचं करडं कापड..."

"धुतलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दोनदा उकळलं. पावडर वेगळी लावली, तेलाचा डाग निघत नव्हता. लाज वाटत नाही तुमच्या कचेरीला? बुटांचे ठसे असलेलं सरकारी कापड आकाशाला दाखवतात?"

"त्या कापडाशी सगळं शहर ताडून बघतात, वन्सं."

"मग बरंच झालं की! स्वच्छ कापडाशी ताडलं गेलं."

"कापड उजळलं. आम्हाला वाटलं कापड तेच आहे, म्हणजे ऊनच जास्त होतं. म्हणून बाकीचं सगळं मळकं धरलं गेलं. मळकं म्हणजे झिजलेलं."

त्यांचा हात थांबला. लाँड्रीत त्यांचाच नियम होता की नव्या चादरीशेजारच्या खाटेवर जुनी चादर घालायची नाही, नाहीतर पेशंट तक्रार करतो. तो त्यांना आठवला असावा, कारण तोंड जरा उतरलं. पण वन्सं त्या वन्संच. "हे आधी सांगायला काय झालं होतं? पिशवीवर लिहायचं, धुऊ नये."

"हो."

"आणि माझी लाँड्री? तीही म्हातारी?"

"नाही. तुमची नवीन आली आहे. सगळ्या शहरात एकटी."

वन्संनी अभ्रा मांडीवर ठेवला. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या नोकरीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "मशीन चांगलं दिसतंय तुझं."

"ती वाफ आहे, वन्सं. छप्पर दिसलंच नाही."

"वाफ तर वाफ. माझीच आहे ना?"

कापडाचं निस्तरणं सोपं होतं. हातातलं मोजायचं यंत्र घेऊन मी तेच कापड धुतल्या अवस्थेत पुन्हा मोजलं, नवा आकडा घातला, आणि शहर चार दिवसांत तरुण झालं. स्टेडियम हिरवं झालं. साहेबांनी कोटाचा विषय सोडला. घुमट मात्र तसाच राहिला, कारण वाफेखालचं छप्पर हिशेबाने काढता येत नाही. काही सुटलेल्या भागांसाठी विमान पुन्हा येणार होतं. तेव्हा बॉयलर बंद असले तर झालं असतं. लाँड्रीला सुट्टीचा दिवस नव्हता. हॉस्पिटल कधी बंद असतं? मी साहेबांकडून मॅनेजरला हुकूम पाठवू शकले असते. पाठवला नाही. जेवणं झाल्यावर वन्संनाच विचारलं.

"आणि नाही बंद केले तर?"

"तर घुमट राहील. साहेबांना तो आवडलाय."

"मग राहू दे की!"

"मी त्यावर सही करणार नाही."

"मोठी आलीस सही न करणारी." त्या उठून आत गेल्या. बराच वेळ कपाटं उघडण्या-मिटण्याचा आवाज येत होता. हे म्हणाले, "तू आता काही बोलू नकोस." सकाळी कामाला निघताना दारातून वन्सं म्हणाल्या, "किती वाजता येणार ते सांगून ठेव. आमच्या पोरींना आधी पाणी काढून ठेवावं लागेल."

विमान यायच्या वेळी मी लाँड्रीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. वन्संनी स्वतः एकेक झडप फिरवली. बॉयलर आधी गुरगुरले, मग गप्प झाले. वाफ विरली तशा आतल्या बायका बाहेर आल्या आणि एकमेकींकडे टक लावून पाहू लागल्या. पुष्कळजणींनी एकमेकींना कामाच्या वेळी असं नीट कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं, तू एवढी उंच आहेस?"

"आणि तुझ्या तोंडावर तीळ आहे होय! मी इतके दिवस पुसायला सांगत होते."

विमान आलं, सरळ डोक्यावरून गेलं. बायकांनी वर पाहून हात केले. वन्संनी पाहिलं नाही. त्या दाराला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून. आवाज लांब गेल्यावर म्हणाल्या, "झालं तुमचं? माझं पाणी गार होतंय."

निकाल आला तेव्हा बिल्डरने मला एकटीलाच बोलावलं. "बाई, घुमट गेला. पण आता छप्परच नाही."

"नाही म्हणजे?"

"वनस्पती आहे."

मी पाहिलं. चार भिंती, आणि त्यांच्यावर सपाट हिरवळ. ही हिरवळ म्हणजे नव्या छपराचा हिरवा नव्हे, झाडपाल्याचा हिरवा. त्यात चूक व्हायला जागा नसते, पानाची खूण सगळ्यांत पक्की. मी उठले आणि हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर गेले. एका वॉर्डच्या खिडकीतून खाली डोकावले. इतक्या वर्षांची ऊब आणि ओल खाऊन त्या छपरावर घोट्याएवढं शेवाळ माजलं होतं, नेचे होते, एका कोपऱ्यात चक्क एक झाड. खिडकीशेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "छान आहे ना बाग? आम्ही रोज बघतो." वन्संना ह्याचा पत्ता नव्हता. त्या जन्मभर त्याच्या खाली उभ्या होत्या.

साहेबांनी नियम काढून वाचला. दर्जा द्यायचा तो दिसणाऱ्या छपराला.

"साहेब, खाली छप्पर आहे," मी म्हटलं.

"दिसतंय का?"

"नाही."

"मग? आपण जे दिसतं ते लावतो. हे उद्यान खात्याकडे जाईल."

ह्या वेळी मला सही करावी लागली. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. लाँड्री छपरांच्या यादीतून गेली आणि शहरातल्या बागांमध्ये जमा झाली. मॅनेजरचा चेहरा आठवडाभर आंबट होता. वन्संनी पोरींना चहा पाजला. घरी येऊन मला म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं मध्यम आहे?" मी हो म्हटलं. बागेला दर्जा नसतो हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

पुढच्याच महिन्यात उद्यान खात्याने आपली नवी बाग पाहायला माळी पाठवला. भला माणूस. शिडी लावून वर चढला, नेच्यांना पाणी घालावं म्हणून पाइप घेऊन चार पावलं चालला, आणि खाली इस्त्रीच्या खोलीत छतातून त्याचा एक पाय आला. बुटासकट, मांडीपर्यंत.

वन्सं इस्त्रीच्या टेबलाशी होत्या. त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, "बूट काढून यायचं असतं." आणि आधी पायाखालच्या घड्या बाजूला घेतल्या. मग बायकांना हाक मारली. चौघींनी एक चादर चार टोकांनी ताणून धरली. "ती नव्हे!" वन्सं ओरडल्या, "ती नवी आहे, जुनी धरा!" माळी वरून केविलवाण्या आवाजात "घाई करा" म्हणत होता. चादर बदलली गेली. मग तो छपराच्या एका तुकड्यासकट आणि पुष्कळशा शेवाळासकट तिच्यात उतरला. त्याला काही झालं नाही, फक्त तो बराच वेळ उठायला तयार होईना. म्हणाला, फार मऊ आहे.

मला निरोप मिळाला तेव्हा मी धावत गेले. भोकातून आभाळ दिसत होतं. मॅनेजर टाळं हातात घेऊनच आला होता. "आता तरी मान्य करा बाई, छप्पर जीर्ण आहे. कायमचं बंद करतो मी हे." हातातल्या अभ्र्याची वन्संनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या दिसल्या.

पण टाळं लावता येईना. उद्यान खात्याच्या मुख्य बाई स्वतः आल्या. पायात मातीने भरलेले बूट, आवाज मैदानात बोलायची सवय असलेला. त्यांनी मॅनेजरला एवढंच विचारलं, "आमची बाग तुम्ही कोण बंद करणार?" शहराच्या मॉडेलमध्ये ती बाग होती, आणि मॉडेल नगरपालिकेने मंजूर केलं होतं. वर भोक पाडलं ते त्यांच्याच माणसाने, म्हणजे दुरुस्तीही त्यांचीच.

"पण तुम्हाला छप्पर घालता येतं का?" मॅनेजर म्हणाला.

"एका प्रकारचं येतं," बाई म्हणाल्या.

उद्यान खात्याला काचघरं बांधता येत होती. तेवढंच येत होतं, पण ते चांगलं येत होतं. त्यांनी शेवाळ, नेचे आणि ते झाड काळजीने उचलून दुसरीकडे लावलं, जुनं सगळं उतरवलं आणि लोखंडी चौकटीत काचा बसवल्या. वाफ सोडायला वर उघडत्या झडपा ठेवल्या, कळ फिरवली की एका ओळीत उघडणाऱ्या. काम चालू होतं तोवर वन्सं लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात चालवत होत्या आणि सगळ्यांशी भांडत होत्या.

लाँड्री पुन्हा सुरू झाली त्या सकाळी मी रजा काढून गेले. झडपा उघडल्या, वाफ वर निघून गेली, आणि आत ऊन आलं. मी तिथे कधी ऊन पाहिलं नव्हतं. भिंती, पिंपं, बायकांचे हात, सगळं लख्ख. बायका खूश होत्या, एकीने तर गाणं सुरू केलं. वन्संनी धुऊन आलेल्या ढिगातली वरची चादर उचलली आणि दोन्ही हातांनी काचेखाली धरली. बराच वेळ धरून होत्या. मग दुसरी उचलली. तिसरी.

"काय झालं, वन्सं?"

"पिवळी आहे," त्या म्हणाल्या. "ही पण. इतकी वर्षं मी ह्या पांढऱ्या म्हणून वर पाठवल्या."

"इथल्या दिव्यात कुणाला दिसणार होतं?"

"आता दिसतंय ना."

मला वाटलं त्या रडणार. मला त्यांना रडताना कधी पाहायला मिळालं नाही, तेव्हाही मिळालं नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि बायकांकडे वळल्या. "सगळ्या वॉर्डांतून सगळ्या चादरी परत आणा."

"सगळ्या?" गाणारी म्हणाली. "बाई, लोक झोपलेत त्यांच्यावर."

"मग बाजूला उभ्या राहा. उठले की घ्या."